परदेशी जोडीदार सोलापुरात: दर वेळी व्हिसा वाढवायचा की ओसीआय कार्ड काढायचं?

लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं उलटली, एक्स-२ व्हिसाची (भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला मिळतो तो) मुदत संपत आली, की प्रत्येक घरात हा प्रश्न येतो. आहे तो व्हिसाच पुन्हा वाढवून घ्यावा, की एकदाच खर्च करून ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिकाला इथं कितीही काळ राहू देणाऱ्या 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डासाठी, अर्ज करावा? माझी बायको पोलंडची, वूच शहरची. आपल्या सोलापूरसारखंच तेही एकेकाळी कापडगिरण्यांचं गाव. आमच्या घरात हे दोन्ही करून झालंय, त्यामुळे ओळखीतून कुणी ना कुणी विचारायला येतं. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहितो. मी वकील नाही. नियम बदलतात, आणि तुमच्या जोडीदाराचा देश वेगळा असेल तर काही गोष्टी वेगळ्या निघू शकतात, हे धरून वाचा.

आधी व्हिसाच्या बाजूनं बोलतो, कारण ती बाजू कमकुवत नाही. एप्रिल २०१८ मध्ये ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाचं (एफआरआरओ) ऑनलाइन पोर्टल, आल्यापासून मुदतवाढीचा अर्ज घरबसल्या होतो. पासपोर्ट, चालू व्हिसा, लग्नाचा दाखला, घराचं वीजबिल किंवा भाडेकरार, नवऱ्याचं ओळखपत्र, दोघं एकत्र राहतो असं पत्र, एवढं स्कॅन करून चढवायचं. फी देशागणिक बदलते, पण ओसीआयच्या तुलनेत एका वेळचा खर्च अंगावर येत नाही. लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर दुसरा पर्यायही नसतो. शिवाय जे जोडपं दोन-तीन वर्षांत परत बाहेर जायचं म्हणतंय, त्यांनी ओसीआयच्या मागे लागण्यात मला तरी फारसा अर्थ दिसत नाही.

घरी चौकशीला पोलीस येतात, त्याची लोकांना उगाच भीती वाटते. आमच्याकडे आलेले हवालदार शांतपणे बसले, कागद पाहिले, बायकोला मराठीत दोन प्रश्न विचारले, तिनं मराठीत उत्तरं दिली. शेजारच्या अक्कांनी तर आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत तिच्या हातच्या भाकरीपर्यंत सगळं सांगून टाकलं. लग्न खरं आहे का, दोघं एकत्र राहतात का, एवढंच त्यांना बघायचं असतं. ओसीआयच्या वेळीही अशी चौकशी होते, त्यामुळे या मुद्द्यावर दोन्ही पारडी सारखी.

मला व्हिसा नकोसा झाला तो एका वेगळ्याच गोष्टीमुळे. व्हिसावर एक तारीख असते आणि बाईचं सगळं आयुष्य त्या तारखेला बांधलेलं असतं. परदेशी नागरिकाचं आधार व्हिसाच्या मुदतीपुरतंच चालतं. बँकेत केवायसी करताना चालू व्हिसा मागतात. म्हणजे व्हिसाची तारीख गेली की आधार गेलं, आधार गेलं की आधारावर उभं असलेलं बाकी सगळं डळमळतं. मुदतवाढ वेळेत आली तर हे जाणवतही नाही. पण अर्ज वेळेत करूनही उत्तर वेळेत येईलच असं नसतं.

एका वर्षी आमचं तसंच झालं. अर्ज मुदतीच्या बऱ्याच आधी केला होता. मध्ये एक कागद पुन्हा मागितला, तो दिला, आणि मग पोर्टलवर 'प्रक्रियेत' हा एकच शब्द दिसत राहिला. जुनी तारीख निघून गेली. अर्ज प्रलंबित आहे, त्यामुळे राहणं बेकायदा नाही, असं सगळे सांगत होते आणि ते बरोबरही असेल. पण बँकेच्या खिडकीवर ते चालत नव्हतं. तिथं अर्जाची पावती दाखवली, ती त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि व्हिसाची प्रत मागितली. तिच्या स्वतःच्या खात्यातून पैसे काढणं थांबलं. घरात पैशांची अडचण नव्हती, पण आपल्या पैशासाठी नवऱ्याकडे हात पसरायला लागणं तिला फार लागलं. मलाही लागलं. ज्या बाईनं आपला देश सोडून होटगी रोडवरच्या दोन खोल्यांना आपलं घर म्हटलं, तिला त्या महिन्यांत पाहुण्यासारखं वागवलं गेलं.

त्याच सुमारास तिच्या वडिलांचं ऑपरेशन ठरलं. ती जाऊ शकत होती, पण आम्हाला सांगण्यात आलं की अशा स्थितीत निघायचं तर आधी बाहेर जाण्याची परवानगी घ्या, आणि परत यायला तिकडच्या दूतावासातून नवा व्हिसा काढा. तो किती दिवसांत मिळेल हे कुणी सांगू शकत नव्हतं. मुलगी लहान होती. ती गेली नाही. वडिलांशी रोज फोनवर बोलायची, मग गच्चीवर जाऊन बराच वेळ एकटीच उभी राहायची. ऑपरेशन चांगलं झालं, वडील बरे आहेत. पण पुढच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही, हे आम्ही दोघांनी तेव्हाच ठरवलं.

मुदतवाढ शेवटी आली. ती आल्यावर नवी तारीख घेऊन आधार केंद्र, बँक, सगळीकडे पुन्हा जायचं. त्यात दर वेळी कुणीतरी नवीन माणूस बसलेला असतो आणि त्याला पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं. मुदत संपत आली की पुन्हा हेच. कुणाचा स्वभाव असा असेल की हे सगळं सहज पार पडतं. आमच्या घरात पडलं नाही.

आता ओसीआय. भारतातून अर्ज केला तर शुल्क १५,००० रुपये. अर्ज ऑनलाइन भरायचा, पण महाराष्ट्रातल्या अर्जदाराला मूळ कागद घेऊन मुंबईच्या एफआरआरओकडे जावं लागतं. कार्यालय सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे. सोलापूरहून जायचं तर माझं मत सिद्धेश्वर एक्स्प्रेसला. वंदे भारत आरामाची आहे, पण ती दुपारी साडेबाराच्या सुमारास पोचते आणि कामाचा अर्धा दिवस गेलेला असतो. सिद्धेश्वर सकाळी उतरवते, काम उरकून त्याच रात्री परत निघता येतं.

पैसे आणि मुंबईची फेरी हा खर्चाचा भाग. वाट पाहणं इथंही आहे, आणि ते कमी नाही. सुरक्षा तपासणी पूर्ण झाल्याशिवाय कार्ड मिळत नाही आणि त्याला महिने जातात. फरक असा की ही वाट एकदाच पाहायची असते, आणि त्या काळात व्हिसा चालू असेल तर हातातलं काही जात नाही. म्हणून माझा आग्रह, व्हिसाला चांगली मुदत शिल्लक असतानाच ओसीआयचा अर्ज करा.

कार्ड हातात आल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते एफआरआरओची नोंदणी आणि मुदतवाढ दोन्ही सुटल्याचं. कितीही काळ राहा. आधारही ओसीआय कार्डधारकाला दहा वर्षांचं मिळतं, व्हिसाच्या तारखेशी त्याचा संबंध उरत नाही. दहा वर्षांनी ते पुन्हा करावं लागेल, पण दहा वर्षांनी. आणि वडिलांकडे जायचं तर तिकीट काढायचं आणि निघायचं. परत यायला कुणाला विचारावं लागत नाही. ती आता दर उन्हाळ्यात मुलीला घेऊन जाते.

नोकरीचा मुद्दा अनेकजण विसरतात. एक्स-२ व्हिसावर परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही. माझ्या बायकोनं तिकडं कापड उद्योगातच काम केलेलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला युरोपातल्या ग्राहकांशी बोलायला माणूस हवा होता. व्हिसावर असताना ते दार बंद होतं, ओसीआय झाल्यावर ती रुजू झाली. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसार अशा कामांना २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआयवाल्यांनाही वेगळी परवानगी लागते, तेवढं लक्षात ठेवा. विजापूरला गोल घुमट बघायला गेलो की तिच्यासाठी परदेशी दराचं तिकीट लागत नाही, हे लहान आहे, पण मुलीला त्याचा फार आनंद होतो.

ओसीआयमध्ये काय मिळत नाही तेही सांगतो. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. शेतजमीन, फार्महाऊस विकत घेता येत नाही. आपल्याकडे घरोघर मोहोळला, बार्शीला, सांगोल्याला शेती असते, आणि सासरे मोठ्या मनानं म्हणतात की दोन एकर सुनेच्या नावावर करू. ते भेट म्हणूनही होत नाही. वारसानं आली तर वेगळं.

सगळ्यात गंभीर अट मात्र ही. जोडीदार म्हणून मिळालेलं ओसीआय लग्नावर उभं असतं. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ड प्रमाणे घटस्फोट झाला तर ते रद्द होऊ शकतं. 'आजीवन' हा शब्द कार्डाबद्दल सगळीकडे ऐकू येतो, त्यामुळे हे कलम नवरा-बायकोनं एकत्र बसून वाचायला हवं. आम्ही वाचलं. तिचं म्हणणं असं पडलं की व्हिसाही शेवटी लग्नाच्याच आधारावर मिळतो, म्हणजे या बाबतीत ओसीआय तिला आणखी कमकुवत करत नाही. मला ते पटलं. तुमच्या घरातली बाई किंवा जावई वेगळा विचार करत असेल, तर त्यांचं ऐका. अर्ज त्यांचा आहे.

पासपोर्ट नवा झाला की जुन्या काळासारखं कार्ड बदलून घ्यावं लागत नाही, पण जोडीदार म्हणून कार्ड मिळालेल्यांना दर नव्या पासपोर्टनंतर तीन महिन्यांत नवा फोटो आणि पासपोर्ट पोर्टलवर चढवावा लागतो. लग्न टिकून असल्याचं घोषणापत्र आणि भारतीय जोडीदाराच्या पासपोर्टची प्रतही सोबत जोडावी लागते. आणि अडचण इथंच येते. बऱ्याच घरांत परदेशी सुनेचे सगळे कागद चोख असतात आणि नवऱ्याचाच पासपोर्ट नसतो किंवा कधीच संपलेला असतो. तो आधी करून घ्या.

नावाचंही तसंच. आपल्याकडे सुनेच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव लावायची रीत आहे, घरच्यांना त्यात माया वाटते. कागदावर मात्र तिचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमानं, लग्नाच्या दाखल्यापासून वीजबिलापर्यंत सगळीकडे राहू द्या. आईला मी हे समजावून सांगितलं. घरात ती तिला हव्या त्या नावानं हाक मारते, दाखल्यावर पोलिश नावच आहे.

काहींना हा प्रश्नच लागू होत नाही. ज्यांचे स्वतःचे, आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे किंवा पणजी-पणजोबांचे नागरिकत्व कधी पाकिस्तानचं किंवा बांगलादेशचं होतं, त्यांना ओसीआय मिळत नाही. त्यांच्यासाठी व्हिसाचीच वाट. आणि तिसरी वाट, भारतीय नागरिकत्वाची, भारतीयाशी लग्न झालेल्यांना सात वर्षं इथं राहिल्यावर खुली होते. पण त्यात आपल्या देशाचा पासपोर्ट सोडावा लागतो. माझ्या बायकोनं त्याला नाही म्हटलं, आणि त्या निर्णयावर मी एकदाही वाद घातला नाही.

एवढं वाचून कुणी विचारेल की थोडक्यात काय करू. लग्न दोन वर्षांहून कमी असेल किंवा लवकरच देशाबाहेर जायचं असेल, तर व्हिसा वाढवा, त्यात काही कमीपणा नाही. पण इथंच राहायचं ठरलं असेल, मुलं इथल्या शाळेत असतील, तिकडे म्हातारे आई-वडील असतील, तर मी ओसीआयकडे झुकतो. अर्जाच्या आधीचं वर्ष कागद गोळा करण्यात घालवा. लग्न परदेशात झालं असेल तर तिकडच्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे तो खरा असल्याचा तिकडचा सरकारी शिक्का, लागेल, आणि दाखला इंग्रजीत नसेल तर भाषांतरही लागेल. हे काम लांबतं, म्हणून पहिलं तेच हातात घ्या.