आतड्यातील पॉलिपसाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल: दोन महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीने आतडे तपासण्याच्या, वेळी माझ्या मोठ्या आतड्यातून दोन पॉलिप (आतल्या आवरणावर उगवणारे कोंब) काढण्यात आले आणि ते अ‍ॅडेनोमा, म्हणजे पुढेमागे कर्करोगाकडे वळू शकणाऱ्या जातीचे, निघाले. डॉक्टरांनी तीन वर्षांनी पुन्हा तपासणीला बोलावले. औषध काही दिले नाही. मधली वर्षे नुसती वाट पाहत काढणे मनाला पटेना, म्हणून औषधाच्या दुकानातून माशाच्या तेलाच्या ६० कॅप्सूलची बाटली आणली. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण तक्रार एका कंपनीपुरती नाही.

बाटलीच्या दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत १००० मिलिग्रॅम लिहिलेले आहे. बाटली फिरवल्यावर मात्र बारीक अक्षरांत कळते, की या हजारात ईपीए १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम आहे; माशाच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्ले ती हीच. उरलेले सातशे म्हणजे बाकीचे तेल. बाजारातील स्वस्त कॅप्सूलमध्ये हेच प्रमाण सर्रास आढळते. ज्या ओमेगा-३ साठी आपण पैसे मोजतो, ते एका कॅप्सूलमध्ये जेमतेम ३०० मिलिग्रॅम असते.

पॉलिपच्या बाबतीत सर्वाधिक आशा ईपीएवर ठेवली गेली आणि तिला आधारही होता. पेशींतील अ‍ॅराकिडोनिक आम्ल या मेदाम्लापासून कॉक्स-२ या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ पॉलिपच्या वाढीस हातभार लावते. ईपीए त्याच विकरासाठी स्पर्धा करते, त्यामुळे हे प्रोस्टाग्लँडिन कमी बनावे अशी अपेक्षा. आनुवंशिक पॉलिपोसिस, म्हणजे ज्या आजारात आतड्यात शेकडो पॉलिप उगवतात, तो असलेल्या ५५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रोज २ ग्रॅम ईपीए सहा महिने घेणाऱ्यांच्या गुदाशयातील पॉलिपची संख्या, प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच कॅप्सूल) घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी कमी भरली. हे वाचूनच मी भुललो.

दोन ग्रॅम ईपीए माझ्या बाटलीतून मिळवायचे तर रोज अकरा कॅप्सूल गिळाव्या लागतील आणि बाटली सहा दिवसही पुरणार नाही. (मी रोज एकच घेत होतो, आणि ती घेतल्यावर काहीतरी केल्याचे समाधान वाटायचे, हे कबूल करतो.)

शिवाय तेवढी मात्रा घेऊनही माझ्यासारख्यांच्या हाती फारसे काही लागत नाही. लीड्स विद्यापीठाचे मार्क हल यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडमधील ५३ रुग्णालयांत ७०९ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. पॉलिप काढलेल्या या लोकांना वर्षभर ईपीए, अ‍ॅस्पिरिन, दोन्ही किंवा प्लासिबो देण्यात आले. वर्षाअखेर प्लासिबो गटातील ६१ टक्के, तर ईपीए गटातील ६३ टक्के लोकांमध्ये पुन्हा अ‍ॅडेनोमा आढळले. दर व्यक्तीमागे आढळणाऱ्या काही प्रकारच्या पॉलिपची संख्या थोडी घटली, ही गोष्ट संशोधकांसाठी महत्त्वाची आहे. पण तेवढ्यावर बाटली विकत घेण्यात अर्थ नाही. अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या व्हायटल चाचणीतही रोज एक ग्रॅमच्या ओमेगा-३ कॅप्सूलने कर्करोगाचे प्रमाण घटले नाही, आणि त्या कॅप्सूलमध्ये माझ्या कॅप्सूलच्या पावणेतीन पट ओमेगा-३ होते.

तेल म्हणून पाहिल्यास बाटली मध्यम दर्जाची आहे. रिकाम्या पोटी घेतली की माशाचा वास असलेले ढेकर येतात, जेवणानंतर घेतल्यास कमी येतात. उन्हाळ्यात एक कॅप्सूल कापून पाहिली, तेव्हा तेलाला खवट वास येत होता. त्यानंतर बाटली फ्रिजमध्ये ठेवली. उत्पादनाची तारीख पाहूनच घ्यावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी, तसेच हृदयाची लय बिघडण्याचा त्रास असलेल्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय जास्त मात्रेच्या वाटेला जाऊ नये, कारण मोठ्या मात्रेने एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, धोका वाढल्याचे दिसले आहे.

पॉलिप रोखण्याच्या हेतूने मी या बाटलीला पाचपैकी शून्य देईन, आणि एरवी दोन. दुसरी बाटली आणलेली नाही. त्या पैशांत घरी बांगडा आणि तारली येतात. त्यांनीही ढेकर येतात, पण ते कालवणाचे असतात.