आठ महिन्यांनंतर: पाच गिअरची पेट्रोल हॅचबॅक, गोव्यातल्या चढउतारांवर

१.२ लिटर पेट्रोल, केबलचा क्लच. गिअर खडबडीत पडतात ही तक्रार नवी गाडी घेणारे बहुतेक सगळे करतात. त्यात गिअरबॉक्सचा दोष थोडाच, डाव्या पायाची घाईच जास्त.

दुसऱ्यातून तिसरा टाकताना इंजिन २४०० आरपीएमवर (मिनिटाला २४०० फेरे) असेल, तर तिसऱ्यात त्याच वेगाला साधारण १६०० पुरतात. अॅक्सिलरेटर सोडल्यावर काटा तिथवर उतरायला क्षणभर लागतो. त्याआधी क्लच सोडला की गाडी उसळते, फार रेंगाळलं की मान पुढे जाते. खालचा गिअर टाकताना उलट: तिसऱ्यातून दुसऱ्यात आरपीएम जवळपास दीडपट हवेत. म्हणून क्लच दाबलेला असतानाच अॅक्सिलरेटरला हलकी टिचकी द्यायची. हे बसायला दोनेक महिने जातात.

गिअरचा दांडा मुठीत आवळू नका. न्यूट्रलला स्प्रिंग त्याला आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आणते. पाचव्यातून चौथा टाकताना तळव्याने सरळ मागे ओढायचं. डावीकडे रेटलं तर दुसरा पडतो, आणि ८० च्या वेगात तो पडला की इंजिन किंचाळतं.

खरी परीक्षा मांडवीतल्या दिवाडी-चोडण बेटांच्या फेरीबोटीच्या धक्क्यांवर. पावसात उतार शेवाळलेला, पुढे स्कूटर, मागे गाड्यांची रांग. हँडब्रेक ओढलेला ठेवून पहिला गिअर टाका, १५०० आरपीएम धरा, क्लच सावकाश सोडत न्या. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेटचं नाक किंचित उचललं की पाय तिथेच थांबवा. मग हँडब्रेक सोडा. गाडी दोन हात पुढे सरकल्यावरच क्लच पूर्ण सोडायचा. घाबरून जास्त रेस दिली तर ओल्यावर पुढची चाकं नुसती फिरतात. रांगेत थांबलेली गाडी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धंच दाबून, धरून ठेवणारेही दिसतात. थोड्या वेळात जळका वास येतो, तो क्लच प्लेटचा.

पर्वरीच्या कोंडीत पहिल्यात अॅक्सिलरेटरशिवायही गाडी रांगते, फक्त पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. थांबायचं असेल तर न्यूट्रल, आणि पाय पेडलवरून खाली. क्लचवर टेकलेला पाय रिलीज बेअरिंग (क्लच सुटा करणारं बेअरिंग) खातो.

चोर्ला घाट उतरताना दुसरा-तिसराच. न्यूट्रलमध्ये उतरवून पेट्रोल वाचतं हा गैरसमज आहे: गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. शिवाय ब्रेक तापतात, ते वेगळं.

पावसाळ्यात घातलेली जाड रबरी मॅट पेडलखाली सरकली की क्लच तळापर्यंत जात नाही आणि पहिला गिअर करकरतो. गॅरेजला जाण्याआधी मॅट बघा. ओल्या चपलाही नकोत.

पेडल बरंच वर आल्यावरच क्लच पकडू लागला तर केबल तपासून घ्या. प्लेटचा संशय असेल तर रिकाम्या सरळ रस्त्यावर चौथ्यात ४० वर अॅक्सिलरेटर दाबा. काटा चढला आणि वेग नाही, तर प्लेट घसरते आहे.

रिव्हर्स मात्र या गाडीत आजही कुरकुरतो, त्याला सिंक्रो (दाते जुळण्याआधी वेग सारखा करणारी कडी) नाही. क्लच दाबून तीन सेकंद थांबा, किंवा आधी पहिला टाकून मग रिव्हर्स.