मयालीच्या लाकडाचं जेवणाचं टेबल: नागभीड-सिंदेवाही रस्त्यावरच्या मिस्त्रींचं काम

जुन्या घराचं सागवान पुन्हा कामी लावून जेवणाचं टेबल करून देणारे एक मिस्त्री नागभीडहून सिंदेवाहीकडे येणाऱ्या रस्त्यावर आहेत. दुकानाला पाटी नाही. टिनाचं शेड, पुढं उभ्या करून ठेवलेल्या दारांच्या चौकटी आणि मागं कवेलूच्या (कौलांच्या) छपराखाली रचलेल्या मयाली (जुन्या घरांच्या जाड तुळया), वासे, फळ्या, एवढी खूण पुरे. आम्ही त्यांच्याकडून सहा जणांचं टेबल आणि दोन बाकडी करून घेतली. टेबलाचे २८ हजार, बाकडी साडेचार हजाराला एक. रक्कम लहान नाही, धानाचे चुकारे आल्यावरच दिली. पण एक उन्हाळा आणि एक पावसाळा या टेबलावर जेवून काढल्यावर सांगते, हे काम पैशाला जागलं आहे. लगेच लिहिलं नाही ते यासाठी की चंद्रपूर जिल्ह्यात मे आणि श्रावण पाहिल्याशिवाय लाकडाच्या वस्तूबद्दल काहीच बोलता येत नाही.

याआधी आमच्याकडे शहरातल्या एका शोरूममधून आणलेलं टेबल होतं. वरून सागासारखं दिसायचं, आत भुश्याची पाटी. फरशी पुसताना पायाशी पाणी लागून लागून पाय फुगले, मग वरचा पापुद्रा सुटला. तेव्हाच ठरवलं की आता घ्यायचं तर अख्ख्या लाकडाचं.

अख्खं लाकूड आमच्या भागात पडून वाया जातं, हे सांगायला हवं. गावागावात कवेलूची घरं पाडून स्लॅबची घरं होत आहेत. पाडलेल्या घरातून निघालेल्या मयाली, खांब, माळ्याच्या फळ्या यांचं काय करायचं हे घरच्यांना सुचत नाही. काही दिवस त्या अंगणात पावसात भिजतात, मग कुणीतरी जळाऊ लाकडाच्या भावानं घेऊन जातो. ज्या भागात आलापल्लीचं जंगल आहे, बल्लारपूरचा लाकूड डेपो आहे, जिथून २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं, त्याच भागात आजोबा-पणजोबांनी घातलेलं साग चुलीत जावं याचा मला फार त्रास होतो. हे मिस्त्री ते लाकूड चुलीच्या आधी गाठतात. घर पडणार असं कानावर आलं की स्वतः जाऊन बघतात आणि मयाल वरून खाली टाकू न देता दोरानं उतरवून घेतात. टाकली की आतून तडा जातो आणि तो रंधा मारेपर्यंत दिसत नाही.

लाकूड निवडायला त्यांनी आम्हाला शेडच्या मागं नेलं, आणि माझा विश्वास बसला तो तिथं. मी विचारलं, "हे आलापल्लीचं साग आहे का?" दुसरा कुणी लगेच हो म्हणाला असता. हे म्हणाले, "ते मी नाही सांगू शकत जी ताई. ब्रह्मपुरीकडच्या एका घराचं आहे, एवढं माहीत आहे. जंगल कोणतं ते ज्यानं तोडलं त्यालाच ठाऊक." मग त्यांनी मयालीचं टोक करवतीनं चार बोटं कापलं, त्यावर पाणी शिंपडलं आणि वलयं दाखवली. सागात दरवर्षीचं वलय स्पष्ट दिसतं. या तुकड्यात ती इतकी जवळ-जवळ होती की मोजताना नजर घसरत होती. शेजारी त्यांनी रोपवनातल्या नव्या सागाचा तुकडा ठेवला, त्यात वलयं बोटभर रुंद आणि कडेला पांढरट भागही बराच. तो पांढरा भाग म्हणजे कच्चं लाकूड, त्याला उधई (वाळवी) लागते, भुंगा लागतो. आतला गाभा मात्र स्वतःच्या तेलकट रसामुळं टिकतो. "पांढरं मी वापरत नाही, पैसे घेतले तर गाभ्याचेच घेतो," हे त्यांचं वाक्य मी पुढं तपासलं. टेबल उलटं करून खालून पाहिलं, वरच्या फळ्यांत कुठंही पांढरी कड नाही.

जुन्या लाकडात खिळे असतात. ते राहिले तर रंध्याचं पातं जातं. मिस्त्री प्रत्येक फळीवर आधी लोहचुंबक फिरवतात, मग हातानं चाचपतात. खिळा काढल्यावर त्या जागी काळा डाग राहतो, लोखंड आणि लाकडातला तुरट रस एकत्र आला की असं काळं होतं. आमच्या टेबलाच्या माथ्यावर असे पाच-सहा डाग आहेत. त्यांनी विचारलं होतं, बुजवून रंग मिळवून देऊ की तसेच ठेवू. आम्ही तसेच ठेवले, फक्त छिद्रात सागाची खुंटी ठोकून सपाट करून घेतली, म्हणजे भाताचं शीत अडकत नाही.

मापाची गोष्ट मात्र सविस्तर सांगते, कारण हे टेबल घेण्याचं कारणच सासूबाईंचे गुडघे होते. त्यांना खाली पाटावर बसता येत नाही, आणि खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून जेवायची सवय नाही. त्यांना मांडीच घालायची असते. शोरूममधल्या खुर्चीवर त्या कशाबशा मांडी घालायच्या आणि गुडघे टेबलाच्या खालच्या पट्टीला लागायचे. मी हे सांगितल्यावर मिस्त्री म्हणाले, "माय कुठं आहेत? त्यांना घेऊन या, नाहीतर मी येतो." ते घरी आले. दोन विटांच्या थरावर फळी ठेवली, सासूबाईंना तिच्यावर मांडी घालून बसवलं, फळीपासून गुडघ्याच्या उंच टोकापर्यंत टेप धरला. आठ इंच भरलं. मग बाकाची उंची नेहमीच्या १८ इंचांऐवजी १६ ठेवली, रुंदी मांडी मावेल अशी १८ इंच केली, आणि टेबलाच्या माथ्याखालची चौकटीची पट्टी चार इंचांऐवजी तीनच इंचांची घेतली. टेबल जमिनीपासून ३० इंच, म्हणजे पट्टीखाली पावणेसव्वीस इंच मोकळे आणि गुडघे २४ वर. सासूबाई आता भिंतीकडच्या बाकावर मांडी घालून, पाठ टेकून सगळ्यांसोबत जेवतात. पट्टी बारीक केल्यानं टेबल डुलेल अशी मला भीती होती. त्याची भरपाई त्यांनी पायांमध्ये खाली एक लांब आडवी पट्टी घालून केली. रोवणीच्या (धानाच्या लावणीच्या) दिवसांत माणसं जेवायला असतात, पोट्टे कोपरावर जोर देऊन उभे राहतात, अजून जरासुद्धा डुलत नाही.

आता जोडकाम. माथा ६ फूट बाय ३ फूट, जाडी सव्वा इंच. फळ्या सरसावर जोडलेल्या, पाय आणि चौकट कुसू (लाकडाची जीभ) आणि साल (ती बसायची खाच) पाडून बसवलेली, वरून बाभळीच्या खुंट्या. दिसायच्या जागी एकही स्क्रू नाही. पण खरं कसब माथा चौकटीला कसा धरला आहे त्यात आहे. जुनं लाकूड हलत नाही असं बरेच विकणारे सांगतात. ते चूक आहे. पन्नास वर्षं वाळलेलं सागसुद्धा पावसात दमट हवा पिऊन रुंदीत फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, रुंदीत पडतो. मिस्त्रींचे शब्द: "पावसात आंग फुगवते, मे महिन्यात आंग चोरते. त्याला जागा द्याच लागते." म्हणून माथा खिळ्यांनी आवळलेला नाही. चौकटीला आतून खाच आहे, त्या खाचेत सरकणारे लाकडी गुटके माथ्याला धरून ठेवतात. दोन्ही टोकांना फळ्यांना आडवी पट्टी आहे, तीही मध्येच पक्की, कडेला सैल.

याचा पुरावा मी बोटानं घेतला. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा टोकाची पट्टी माथ्याच्या दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा सूत बाहेर आली होती, बोट फिरवलं की कड लागायची. श्रावणात नेमकं उलटं, माथा पट्टीच्या बाहेर तेवढाच. म्हणजे तीन फुटांच्या रुंदीत दोन सूत, पाव इंचाची हालचाल झाली. खिळ्यांनी जखडलेला माथा असता तर या पाव इंचानं फळी उभी फाटली असती. आमच्या टेबलाला एकही भेग नाही. टेबल बघायला येणाऱ्या कुणालाही मी आधी खाली वाकून ते गुटके बघायला लावते.

वजन मात्र ध्यानात घ्या. सव्वातीन घनफूट लाकूड, साठ किलोच्या आसपास भरतं. दोन माणसं सरकवू शकतात, पण रोज सरकवून झाडायचं म्हणाल तर होणार नाही. जागा ठरवूनच बसवा.

पॉलिशबद्दल दोन मतं होऊ शकतात. मिस्त्री विचारतात, चकचकीत मेलामाइन हवं की तेल. आम्ही तेल घेतलं, घाण्यावर काढलेलं जवसाचं तेल आणि शेवटी मधमाशीचं मेण. जवस आमच्याच भागात पिकतं आणि ते हवेत सावकाश सुकून लाकडात घट्ट होतं. एक हात सुकायलाच बरेच दिवस जातात, त्यामुळं टेबल मिळायला उशीर होतो आणि आल्यावर काही आठवडे घरात जवसाचा वास राहतो. सासऱ्यांना तो आवडला नाही. चटका लागतो का? हो. भाताचं गरम गंज (पातेलं) थेट ठेवलं की मेण वितळून फिकट गोल उमटतो. पण तो गोल कापडावर थोडं तेल घेऊन चोळला की जातो. चकचकीत पॉलिशवर पडलेला पांढरा गोल असा घरी जात नाही, सगळं घासून काढावं लागतं. हळदीचा डाग पडला तर घाबरू नका. खिडकीजवळ ऊन येत असेल तर हळद उन्हानं फिकी पडते, आमच्या पाटवडीच्या रश्श्याचा डाग तसाच गेला. लिंबू आणि चिंच मात्र सांडल्या-सांडल्या पुसा.

तेल घरी लावणार असाल तर एक गोष्ट कळकळीनं सांगते. जवसाच्या तेलात भिजलेला फडका गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि तसा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडका पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. मिस्त्रींनी हे मला टेबल उतरवण्याआधी सांगितलं, पैसे मोजण्याच्याही आधी.

तक्रारी आहेत. खालची लांब पट्टी बिजाच्या लाकडाची लावली आहे, साग नाही. बिजा मजबूत, त्याबद्दल वाद नाही, पण त्याचा रंग पाण्यात उतरतो. बिजाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवलं की ते तांबूस होतं हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. फरशी पुसताना ओलं पोचारं पट्टीला लागलं की पिवळट तांबूस व्हायचं आणि पांढऱ्या टाइल्सवर रेघा उमटायच्या. दोनदा तेल पाजल्यावर थांबलं. हे लाकूड लावणार असल्याचं त्यांनी आधी बोलायला हवं होतं. विचारल्यावर म्हणाले, तेवढ्या लांबीचं सरळ साग त्या घरातून निघालं नाही. कारण पटलं, पण ऑर्डर देताना कोणता भाग कोणत्या लाकडाचा हे कागदावर लिहून घ्या.

दुसरं, रोवणी आणि कापणीच्या दिवसांत काम थांबतं. त्यांच्या हाताखालची माणसं बांधीत (धानाच्या शेतात) असतात. दिलेली तारीख पुढं गेली आणि फोन मला करावा लागला, त्यांचा आला नाही. तिसरं, खुर्च्या त्यांच्याकडून घेऊ नका. त्यांच्या शेडमध्ये बसून पाहिल्या, पाठ सरळ काटकोनात आणि वजन इतकं की म्हातारं माणूस मागं ओढू शकत नाही. बाकडी मात्र उत्तम.

स्वतःच्या घराचं लाकूड असेल तर ते नुसत्या मजुरीवरही करून देतात. आमच्या शेजाऱ्यांनी पाडलेल्या घराच्या दोन खांबांचे पाय करून घेतले, त्यांना निम्म्याहून कमी खर्च आला. आणायच्या आधी ऐनाचं आहे की सागाचं हे त्यांना दाखवून घ्या, आणि ज्या भागाला ओल लागत होती तो टोकाचा हातभर तुकडा हिशोबात धरू नका, तो कापूनच जातो.

कागदपत्रांचंही बघा. साग म्हटलं की वनविभागाचा वाहतूक परवाना आला. मिस्त्री पक्कं बिल देतात आणि घर पाडल्याच्या ग्रामपंचायतीच्या दाखल्याची झेरॉक्स जोडतात, आमचं टेबल मिस्त्रींच्याच तालुक्यात आलं म्हणून अडचण आली नाही. नागपूर-पुण्याला न्यायचं असेल तर गाडी ठरवण्याआधी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. आणि जायचं तर सकाळी जा, मिस्त्री दुपारी जेवायला घरी जातात आणि शेडवर फक्त पोरगं असतं, त्याला भाव माहीत नसतात.