सेकंडहँड व्हॅक्यूम ट्रक: ओढ झकास, पण आधी वॉल्व आणि दरवाजा बघा

2019 च्या शेवटी सेकंडहँड व्हॅक्यूम ट्रक, म्हणजे सेप्टिक टाक्यांतला गाळ ओढून नेणारी गाडी, घेतला. 6000 लिटरची टाकी, रोटरी वेन (फिरत्या पात्यांचा) पंप, पीटीओवर चालणारा म्हणजे गाडीच्याच इंजिनवर. हात बसतोय न बसतोय तोवर मार्च 2020 उजाडला आणि महामारी जाहीर झाली, त्यामुळे गाडीची खरी परीक्षा लगेचच झाली. आता एवढी वर्षं चालवून झाल्यावर लिहितोय कारण अशी गाडी घेणारे बरेच जण फक्त ओढ किती आणि टाकी केवढी एवढंच विचारतात.

ओढीला नाव ठेवायला जागा नाही. गाळ फार घट्ट नसेल, थोडं पाणी सोडून ढवळून घेतला, तर वीस मिनिटात टाकी भरते. फक्त विकणारा म्हणाला की कितीही खोलातनं ओढेल, ते काही खरं नाही. पंप नुसती टाकीतली हवा काढतो, पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा, आणि तिचा जोर पुरतो हिशोबाने 10.3 मीटरपर्यंत, तोही समुद्रसपाटीला. प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या खाली गेलं की कुठल्याही कंपनीचा पंप लावा, धापच लागते.

आता जे मला महागात पडलं ते. टाकीच्या वरच्या बाजूला एक फ्लोट बॉल असतो, टाकी भरली की तो उचलला जाऊन पंपाकडची लाइन बंद करतो. माझ्या गाडीत त्या बॉलची जाळी वाकलेली होती, बाहेरून काय दिसणार, दुसऱ्याच महिन्यात पाणी पंपात गेलं. मिस्त्रीने ड्रेन बोल्ट सोडला तर तेल पांढरट, पातळ, ताकासारखं आलं, आणि आतल्या दोन वेन तुटलेल्या. तेव्हापासून पंपाच्या आधीच्या ट्रॅपचा (पाणी अडवून साठवणाऱ्या भांड्याचा) कॉक रोज सकाळी उघडून बघतो, एक मिनिटाचं काम आहे, पाणी निघालं की समजायचं वरचा बॉल नीट बसत नाहीये.

त्याहून वाईट म्हणजे आधीच्या मालकाने प्रेशरचा रिलीफ वॉल्व (प्रेशर जास्त झालं की आपोआप उघडून हवा सोडणारा) चक्क बोल्ट घालून बुजवला होता, का तर लवकर उडतो म्हणून. अरे बाबा, उडण्यासाठीच असतो तो. हिशोब करून बघा, मागचा दरवाजा सव्वा मीटर व्यासाचा, टाकी रिकामी करताना गाळ ढकलायला आत हवा भरून नुसतं अर्धा बार प्रेशर दिलं तरी त्या दरवाज्यावर आतून सहा टनांचा जोर असतो. वर गेजचा काटा अडकलेला, प्रेशर असतानाही शून्य दाखवायचा. म्हणजे कोणी काटा बघून दरवाज्याचे क्लॅम्प सैल केले असते तर समोरचा माणूस वाचलाच नसता. मी आजही गेजवर भरवसा ठेवत नाही, व्हेंटचा वॉल्व उघडतो, फुस्स आवाज पूर्ण थांबेपर्यंत ऐकतो, मगच क्लॅम्पला हात लावतो, आणि त्या वेळी दरवाज्यासमोर कोणालाही उभं राहू देत नाही.

महामारीत आमचं काम थांबलं नाही, उलट वाढलं. सगळे घरात, त्यामुळे घरांच्या सेप्टिक टाक्या लवकर भरायला लागल्या, आणि गाळात मास्क, हातमोजे, ओले वाइप्स यांचे गोळे. होज सारखा चोक. आधी हेल्पर होजच्या तोंडाशी हात घालून बोळा काढायचा, ते मी त्याच दिवशी बंद केलं जेव्हा त्याचा हातमोजा आत ओढला गेला. चार इंची होज आणि गेजवर 20 इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम म्हणजे पन्नास किलोच्या वर ओढ असते, हात अडकला तर झटकून निघत नाही. मग होजच्या तोंडाजवळ टी (तीन तोंडांचा जोड) लावून एक बॉल वॉल्व बसवला, तो उघडला की बाहेरची हवा आत जाते आणि तोंडाशी पकड लगेच सुटते. हे सगळ्या गाड्यांवर कंपनीतूनच यायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या काळातली अजून एक गोष्ट कळकळीने सांगतो. मास्क लावलाय म्हणून माणसं सेप्टिक टाकीचं झाकण उघडून आत वाकायला लागली. एन-95 बारीक कण अडवतो, गॅस अडवत नाही. सेप्टिक टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण गॅस जास्त झाला, साधारण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास, की नाकच बधिर होतं आणि वाटतं वास गेला म्हणजे गॅस गेला. हेल्परला मी गॅस मीटर घेऊन दिला आणि आत उतरायचं नाही म्हणजे नाही.

होज आणि हँडल आम्ही ब्लीचच्या पाण्याने पुसायचो, ते ठीक, पण नंतर साध्या पाण्याने धुवायला विसरलो तर अॅल्युमिनियमची कपलिंग खायला लागतात, माझी दोन गेली. आणि ब्लीचमध्ये अॅसिडवाला क्लीनर कधीच मिसळू नका, क्लोरीन गॅस होतो.

पार्टचे हाल तर विचारू नका. दरवाज्याचं गॅस्केट मिळेना म्हणून एका दुकानातनं दिसायला सेम टू सेम घेतलं, साधं रबर निघालं, तेलकट गाळ ओढल्यावर महिन्याभरात फुगून बाहेर आलं. तिथे नायट्राइल रबरच लागतं. डुप्लिकेट ब्रेक लायनरनेही असंच फसवलं, भरलेल्या गाडीने उतारावर धूर काढला, आणि अर्धी भरलेली असेल तर आतलं पाणी पुढे आदळतं ते वेगळंच. त्यानंतर ब्रेक, व्हील नट, यू-बोल्ट यात मी दुसरा माल बघतच नाही. चाक काढून लावलं की शंभर किलोमीटरच्या आत नट परत टाइट करतो.

मध्ये हेल्पर आणि मी दोघंही आजारी पडलो, गाडी महिनाभर उभी राहिली, पंपाच्या वेन रोटरमध्ये चिकटून बसल्या. फ्लशिंग ऑइल घालून सोडवल्या. उभ्या गाडीचा पंपसुद्धा आठवड्यातून दहा मिनिटं फिरवा.

पंपाला पाचपैकी साडेचार, टाकीला चार, आधीच्या मालकाच्या रिपेअरिंगला शून्य. सध्या गॅस्केट परत बदलायला आलंय, खालच्या क्लॅम्पजवळ ओल दिसतेय. नवीन येईपर्यंत प्रेशर न देता टाकी उचलून, टेकू लावून रिकामी करतोय, वेळ लागतो दुप्पट, लागू दे.