थंडीच्या दिवसांतले विंटर टायर : वापरानंतरचे मत

जिथे हिवाळ्यात पारा आठवडेच्या आठवडे ७ अंश सेल्सिअसच्या खाली राहतो, तिथे गाडीवर केलेल्या खर्चांपैकी सर्वांत सार्थकी लागणारा खर्च विंटर टायरचा आहे, असे माझे हे टायर वापरल्यानंतर ठाम मत झाले आहे. हे परीक्षण खिळे नसलेल्या विंटर टायरचे आहे. खिळ्यांचे टायर काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर अधिक पक्के धरतात, परंतु कोरड्या रस्त्यावर ते फार आवाज करतात, रस्ताही उखडतात, आणि म्हणूनच काही देशांत त्यांच्या वापरावर बंदी किंवा मर्यादा आहे.

या टायरची गरज बर्फ पडल्यावरच भासते, ही समजूत सर्वत्र आढळते आणि ती चुकीची आहे. उन्हाळी टायरचे रबर थंडीत कडक होते. मग रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात ते रुतत नाही आणि कोरड्या किंवा नुसत्या ओल्या डांबरावरही पकड कमी होते. विंटर टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचे प्रमाण असे ठेवलेले असते की गोठणबिंदूखालीही ते लवचीक राहते. थंडगार सकाळी ट्रेडचा, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार पृष्ठभागाचा, एखादा ठोकळा अंगठ्याने दाबून पाहावा, तो सहज दबतो. आणि किंचित वाकवला की त्यावरच्या नागमोडी बारीक चिरा उघडलेल्या दिसतात. प्रत्येक चिरेमुळे रस्त्याला भिडणारी एक नवी कड तयार होते. मोठ्या खाचांचे काम वेगळे असते. त्यांत बर्फ दाबून भरला जातो, आणि बर्फाला बर्फच सर्वांत चांगला धरून ठेवत असल्यामुळे तो भरलेला बर्फच पकड देतो. खाचांत अडकलेला बर्फ पाहून टायर निकामी झाला असे समजण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष चालवताना सर्वांत मोठा फरक ब्रेक लावल्यावर जाणवतो. गणित साधे आहे. दाबलेल्या बर्फावर एका टायरचा घर्षणांक (पकडीचे माप; जितका जास्त तितकी पकड जास्त) ०.२ आणि दुसऱ्याचा ०.३ धरला, तर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी पहिल्यावर सुमारे ४९ मीटरवर थांबेल आणि दुसऱ्यावर सुमारे ३३ मीटरवर. दुसरी गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथून पहिली अजून ताशी २९ किलोमीटर वेगाने पुढे जात असेल, आणि त्या जागी रस्ता ओलांडणारे माणूस असेल तर या फरकाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. फोर-व्हील ड्राइव्हवर, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणाऱ्या यंत्रणेवर, विसंबणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. ती यंत्रणा गाडी जागेवरून हलवण्यास मदत करते, मात्र थांबवताना आणि वळवताना शेवटी टायरची पकडच कामी येते. एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, हीसुद्धा उपलब्ध पकडीचा नीट वापर करून घेते, नवी पकड निर्माण करत नाही.

खरेदी करताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह आहे की नाही, हे पाहावे. हे चिन्ह बर्फावरील पकडीची ठरावीक चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच मिळते. केवळ ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे उत्पादक अशा चाचणीशिवायही छापू शकतो. टायर चारही चाकांना बसवावेत. पैसे वाचवण्यासाठी फक्त पुढच्या दोन चाकांना बसवले, तर वळणावर मागची चाके आधी घसरतात आणि गाडी गर्रकन फिरू शकते, म्हणून असा अर्धवट उपाय मला धोक्याचाच वाटतो.

उणिवा आहेत. ऊबदार दिवशी कोरड्या रस्त्यावर स्टीअरिंगचा प्रतिसाद थोडा सैल वाटतो, ब्रेकचे अंतर उन्हाळी टायरपेक्षा वाढते, आणि रबर मऊ असल्यामुळे झीजही भराभर होते. तेव्हा वसंतात तापमान स्थिरावताच ते उतरवणे आवश्यक आहे. काचेसारख्या बर्फावर, विशेषतः शून्य अंशाच्या आसपास त्यावर पाण्याचा पातळ थर असताना, हे टायरही घसरतात. तिथे वेग कमी ठेवण्याला पर्याय नाही.

देखभाल फारशी नाही, मात्र हवेकडे लक्ष हवे. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की दाब जवळपास १ पीएसआयने (हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी होतो, त्यामुळे थंडीची लाट आली की टायर गार असतानाच दाब तपासावा. अनेक देशांत कायद्याने ट्रेडची खोली किमान १.६ मिलिमीटर चालते, पण बर्फासाठी ती ४ मिलिमीटरच्या खाली गेली की बारीक चिरा आणि खाचा दोन्ही उथळ होतात. असा टायर आणखी एक हिवाळा रेटण्यापेक्षा बदललेलाच बरा. हंगाम संपल्यावर टायर धुऊन, पूर्ण वाळवून, उन्हापासून दूर थंड व अंधाऱ्या जागी ठेवावेत, आणि कोणता टायर कोणत्या चाकाचा होता हे खडूने लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी जागा बदलून झीज सारखी राखता येते.