ग्लास्टनबरीहून आणलेला बिडाचा कॉल्ड्रन: आठ महिन्यांचा अनुभव आणि एका पायाची गोष्ट

११ ऑगस्टला, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, कॉल्ड्रनचा, म्हणजे ऊद जाळायच्या बिडाच्या भांड्याचा, पाय मोडला. दिवा लावून झाला होता, कोळशाची चकती पेटून राखाडी झाली होती. मी चिमूटभर ऊद टाकणार तेवढ्यात भांडं डाव्या अंगाला बसलं. उलटलं नाही, थकलेलं जनावर बसतं तसं बसलं. वाळू सांडली आणि चकती घरंगळत कडेला आली. खाली फरशीचा तुकडा ठेवायची सवय होती म्हणून गालिचा वाचला. भाड्याच्या घरात गालिच्यावर निखारा पडला तर डिपॉझिटचं काय होतं, ते इथे इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना माहीत आहे. नवऱ्याने चिमट्याने चकती उचलून सिंकमध्ये टाकली, खिडक्या उघडल्या, आणि मी मोडलेला पाय हातात घेऊन बसले. बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा. तोवर पाच महिने मी हे भांडं भेटेल त्याला दाखवत होते.

भांडं कुठलं ते ओळखीचं असेलच: मधल्या मापाचा, झाकणाचा, तीन पायांचा, वर कमानीसारखी कडी असलेला. चेटूक-जादूटोण्याचं सामान विकणाऱ्या ‘विची’ दुकानांत शिरलं की दाराजवळ उतरंडीसारखे रचलेले असतात तेच. आमचा ग्लास्टनबरी या गावच्या हाय स्ट्रीटवरचा, २४ पौंडांचा. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे त्यांनी प्रकरण ज्या रीतीने मिटवलं त्यानंतर नाव घेणं मला पटत नाही.

२२ मार्चला, शनिवारी, आम्ही दोघं एका दिवसासाठी गेलो होतो. ब्रिस्टलहून ३७६ नंबरची बस वेल्सवरून जाते. तिकिटाला तेव्हा ३ पौंडांची कमाल मर्यादा होती, त्यामुळे दोघांचं जाणं-येणं १२ पौंडांत झालं. गावाला रेल्वे नाही, ती १९६६ सालीच बंद झाली. आणि कोल्हापूरहून फोनवर सगळे विचारत होते तो संगीत महोत्सव या गावात होत नाही, काही मैलांवर पिल्टनच्या शेतात होतो. गावात आहे ती एक उतरती मोठी गल्ली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना स्फटिक, टॅरोचे पत्ते, वाळलेल्या वनस्पतींच्या बरण्या, झगे, ढोल, धूप. वसंतसंपात होऊन दोनच दिवस झाले होते, म्हणून काचांमागे ससे आणि रंगवलेली अंडी मांडलेली. या लोकांच्या, म्हणजे निसर्गपूजक पेगन मंडळींच्या, वर्षचक्रात आठ सण आहेत: दोन संपात, दोन अयनं आणि त्यांच्या मधले चार. एका दुकानात ते चक्र भिंतीवर रंगवलेलं होतं. मी बराच वेळ पाहत उभी राहिले. आठ दिवसांवर पाडवा आला होता आणि माझ्या डोक्यातही तोच हिशेब चालू होता, की सूर्य कुठे आला, कोणता ऋतू लागला, घरात काय करायचं. परक्या गावात आपल्यासारखाच हिशेब करणारी माणसं भेटली की जीव निवतो.

नवरा मात्र दुकानाच्या दाराशीच अडला होता. तो ज्या घरात वाढला तिथे अंधश्रद्धा निर्मूलनाची पुस्तकं कपाटात पहिल्या रांगेत होती. ‘अगं, आपल्याकडे डाकीण म्हणून बायकांना मारलंय लोकांनी. २०१३ साली कायदा करावा लागला. आणि इथे ‘विच’ या त्याच शब्दाच्या पिशव्या विकायच्या?’ त्याचं बोलणं मला खोटं म्हणता येईना. काउंटरमागच्या बाई आमच्या चेहऱ्यावरून काहीतरी समजल्या असाव्यात. त्यांनी विचारलं, आम्ही सांगितलं. त्या म्हणाल्या की इथेही बायकांना मारलं गेलं, आणि १७३५ चा विचक्राफ्ट ॲक्ट, म्हणजे जादूटोण्याचा कायदा, १९५१ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होता, म्हणून ज्या शब्दाने मारलं तोच शब्द त्या दारावर लिहितात. नवऱ्याने ते ऐकून घेतलं. पटलं की नाही ते त्याने तेव्हा सांगितलं नाही. पण कॉल्ड्रन त्यानेच उचलून वजन पाहिलं आणि म्हणाला, ‘मंत्रबिंत्र काही नाही. ऊद घालायला घेऊ.’

झगे घातलेली माणसं रस्त्यावर होती, ढोल वाजवणारे होते, जांभळ्या केसांच्या एक आजी काठी टेकत बेकरीतून पाव घेऊन निघाल्या होत्या. मी त्या दिवशी नऊवारी नेसून गेले असते तरी कुणी वळून पाहिलं नसतं. या गावाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. स्फटिक कुठेही मिळतात.

खर्चाचं म्हणाल तर टॉर फुकट आहे, १५८ मीटरची टेकडी, वर सेंट मायकेलचा मनोरा, वारा कान फाडतो. चॅलिस वेल या झऱ्याच्या बागेला तिकीट आहे, पण बाहेर वेलहाउस लेनमध्ये त्याचा आणि समोरच्या व्हाइट स्प्रिंगचा, असे दोन्ही झऱ्यांचे नळ आहेत, बाटली नेली तर पाणी फुकट भरता येतं. चॅलिस वेलच्या पाण्यात लोह आहे. ते जिथून वाहतं तिथला दगड तांबूस झालाय आणि चव थेट आजोळच्या विहिरीवरच्या लोखंडी पोहऱ्यातल्या पाण्याची. समोरचा व्हाइट स्प्रिंग १८७२ च्या जुन्या पाणीपुरवठ्याच्या इमारतीत आहे. आत अंधार, मेणबत्त्या, आणि दगडी हौदांत पडणाऱ्या पाण्याचा आवाज. फोटो काढू देत नाहीत, ते फार बरं आहे. नवरा तिथे दहा मिनिटं एक शब्द बोलला नाही.

आता भांड्याबद्दल.

पहिला महिना वाईट गेला आणि त्यात चूक माझी नाही. आतून काळा रंग दिलेला होता. पहिल्यांदा कोळसा ठेवला तेव्हा उदाच्या आधी रंगाचाच वास सुटला, डोळे चुरचुरले, हॉलमधला स्मोक अलार्म ओरडला. आपल्याकडे बिडाचा तवा नवा आणला की काय करतात ते आईने शिकवलंय, तेच केलं. आतला रंग तारेच्या घासणीने खरवडला, दोन संध्याकाळी लागल्या. मग जवसाचं तेल पुसून ओव्हनमध्ये तापवला, तीन वेळा. त्यानंतर वास गेला आणि आतून छान काळाभोर तुकतुकीत झाला. नवीन घेणाऱ्यांनी हे आधीच करावं. दुकानं ते सांगत नाहीत, सांगायला हवं.

दुसरी गोष्ट वाळूची. झटकन पेटणाऱ्या चकत्यांमध्ये सोरा असतो, म्हणून काडी लावली की ठिणग्या तडतडत एका कडेहून दुसऱ्या कडेला पळतात. पूर्ण राखाडी होईपर्यंत ऊद टाकायचा नाही, नाहीतर नुसता करपट धूर होतो. आणि तळाला दोन बोटं कोरडी वाळू हवीच, नाहीतर सगळी आच थेट बिडात उतरते. खिडकी फटभर उघडी ठेवायची, कारण कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. यात आळस नको.

पण हे सगळं जमल्यावर संध्याकाळी जे होतं त्यासाठी मी २४ पौंड पुन्हा देईन. ब्रिस्टलच्या या फ्लॅटमध्ये सहा वर्षं उदबत्तीवर भागवलं. उदबत्ती ती उदबत्तीच. निखाऱ्यावर ऊद पडला की तो आधी फुगतो, कडा वितळतात, मग मधोमधून सरळ एक पांढरी दोरी उठते आणि छतापाशी जाऊन पसरते. माझ्या आजीच्या घरी तिन्हीसांजेला हे रोज व्हायचं. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर त्या म्हणाल्या, ‘अगं, ही शेगडीच की! धुरीची शेगडी.’ त्यांच्यासाठी तो विषय तिथेच संपला.

एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट कळली. दुकानात पांढऱ्या सेजच्या, धुरीला वापरतात त्या झुडपाच्या, जुड्या होत्या, त्या मी घेतल्या नव्हत्या. तो कॅलिफोर्नियातला, तिथल्या मूळ लोकांना पवित्र, आणि मागणीपायी रानातून ओरबाडला जातो. त्याऐवजी मगवर्टची छोटी जुडी घेतली होती, इथल्या बांधांवर उगवणारी. ती जाळल्यावर वास ओळखीचा वाटेना आणि अनोळखीही वाटेना. नवऱ्याने शोधून काढलं: मगवर्ट आर्टेमिसिया वंशातला, आणि आपला दवणाही त्याच वंशातला. चैत्री पौर्णिमेला त्याच्या घरचे जोतिबाला दवणा वाहून आले होते, त्याच दिवशी आम्ही इथे दवण्याच्या चुलतभावाची धुरी करत होतो. तो बाप्या जोतिबाच्या नावाने डोळे पुसणारा नाही, पण त्या दिवशी त्याने पुसले.

म्हणून पाय मोडला तेव्हा इतकं लागलं.

दुकानाला मेल केली. उत्तर आलं की बीड ठिसूळ असतं, तुम्ही पाडलं असेल किंवा तापलेलं असताना पाणी टाकलं असेल, आणि तसंही हे शोभेचं भांडं आहे. शोभेचं! तळाला चिकटवलेलं लेबल मी काढून बिलाबरोबर ठेवलं होतं. त्यावर धूप आणि कोळशासाठी योग्य असं स्वच्छ छापलं होतं. त्या रात्री मी एक तारा देऊन रागाने लिहिलेला मजकूर अजून फोनमध्ये आहे.

मग मोडलेला पाय भिंगाखाली धरला. बीड मोडलं की मोड करड्या रंगाची आणि दाणेदार दिसते, गुळाची ढेप फोडल्यासारखी. इथे दोन तृतीयांश भाग तसाच होता, ताजा, चकाकणारा. उरलेला एक तृतीयांश गुळगुळीत आणि काळा होता. नखाने खरवडलं तर नखावर रंग आला. माझ्या घासणीचा हात तिथे कधीच पोचला नव्हता. म्हणजे भांडं रंगवलं त्याच्या आधीपासून तिथे चीर होती, आणि रंग त्या चिरेत उतरला होता. ओतकामातच पाय अर्धवट जोडला गेला होता. पाच महिने तो उरलेल्या भागावर उभा होता.

तो फोटो, लेबलचा फोटो आणि बिल जोडून दुसरी मेल पाठवली. सोबत दोन वाक्यं: २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे पहिल्या सहा महिन्यांत दोष निघाला तर तो मुळातच होता असं धरतात, आणि नव्हता हे दुकानाने सिद्ध करायचं असतं. पहिल्या ३० दिवसांनंतर दुरुस्ती किंवा बदलून द्यायची संधी दुकानाला मिळते, पण त्यासाठीचा आवश्यक खर्च त्यांनीच सोसायचा. हे प्रत्येकाने पाठ करून ठेवावं. सहा महिने २२ सप्टेंबरला संपत होते, म्हणून मी एकही दिवस दवडला नाही.

आठवडाभर काही नाही. मग त्याच बाईंचा फोन आला, काउंटरमागच्या. मेलला उत्तर देणारं माणूस दुसरंच होतं. त्या फोटो पाहून म्हणाल्या, या, तुम्हाला हवा तो घेऊन जा, बसचं भाडंही देते. माझा राग त्या एका वाक्याने अर्ध्यावर आला. उरलेला अर्धा अजून आहे. पहिल्या मेलमध्ये ‘तुम्ही पाडलं असेल’ लिहायच्या आधी एक फोटो मागवायला काय जात होतं?

सप्टेंबरमध्ये, गणपती उठल्यावर, पुन्हा गेलो. दुकानात सात कॉल्ड्रन होते. मी एकेक कडीला धरून अधांतरी उचलला आणि प्रत्येक पायावर नाण्याने टिचकी मारली, माठ घेताना वाजवून बघतात तसं. पाच खणखणीत वाजले. दोघांचा एकेक पाय थड् वाजला, ओल्या लाकडासारखा. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, पुन्हा वाजवा. मी वाजवला. त्यांनी स्वतः नाणं घेऊन वाजवला. मग काही न बोलता ते दोन्ही उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवले. भाड्याचे १२ पौंड त्यांनी पाकिटात घालून दिले आणि वर मगवर्टची जुडी ठेवली.

दुसऱ्या कॉल्ड्रनला आता दोन महिने होतील. दिवाळी याच्यावरच झाली. पाय शाबूत आहेत, दर शनिवारी वाजवून बघते. झाकण पहिल्याइतकं घट्ट बसत नाही. एक पाय किंचित आखूड आहे, त्यामुळे भांडं डुगडुगत नाही पण कलतं आणि वाळू एका बाजूला सरकते. त्याखाली रुपयाचं नाणं ठेवलंय, बरोबर बसतं. चार तारे. पाचवा पहिल्या मेलसाठी कापला.