मस्करीची कुस्करी आणि डिस्कॉर्डचा ऑटोमॉड: काय अडतं, काय सुटतं

डिस्कॉर्ड या गटागटाने गप्पा मारायच्या ॲपने जून २०२२ मध्ये ऑटोमॉड हा मेसेज आपोआप गाळणारा फिल्टर आणला. त्याआधी मेसेज गाळायचे तर बाहेरचा बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्राम) लावावा लागायचा. तो मेसेज पोस्ट झाल्यावर पुसायचा आणि तोवर चार जणांनी तो वाचलेला असायचा. ऑटोमॉड मेसेज चॅनलवर, म्हणजे गटातल्या एका चॅटमध्ये, दिसायच्या आधीच अडवतो, एडिट केलेला मेसेजही तपासतो आणि मोफत आहे. शिव्या, जाहिरातींचा मारा, एका मेसेजमध्ये डझनावारी लोकांना टॅग करणं, एवढ्यासाठी तो प्रत्येक सर्व्हरवर (डिस्कॉर्डवरच्या गटाला सर्व्हर म्हणतात) चालू हवाच.

पण चांगले सर्व्हर शिव्यांमुळे ओस पडत नाहीत. ते ओस पडतात ‘अरे, जोक होता, मनावर काय घेतोस’ म्हणून सोडून दिलेल्या थट्टेमुळे. या परीक्षणात ऑटोमॉडला त्याच एका कामासाठी तपासलं आहे: हद्द ओलांडलेला विनोद तो ओळखतो का? ओळखत नाही. मात्र नीट लावला तर अशा विनोदाकडे माणसाचं लक्ष वेळेत वळवतो, आणि त्याचं खरं मोल तिथेच आहे.

आधी मांडणी. ‘सर्व्हर सेटिंग्ज’मध्ये ‘सेफ्टी सेटअप’ उघडला की ऑटोमॉड सापडतो. त्यासाठी ‘मॅनेज सर्व्हर’ ही परवानगी लागते. स्वतःच्या शब्दांचे नियम जास्तीत जास्त ६ करता येतात. एका नियमात १००० शब्द किंवा शब्दसमूह मावतात, प्रत्येक ६० अक्षरांपर्यंत. शिवाय १० रेजेक्स पॅटर्न (अक्षरांच्या रचनेवरून मजकूर शोधणारी सूत्रं) आणि १०० अपवाद (यादीत बसले तरी सोडायचे शब्द). डिस्कॉर्डच्या तयार याद्या तीन आहेत: शिवीगाळ, लैंगिक मजकूर आणि समूहांबद्दलचे अपमानकारक शब्द. मराठी सर्व्हरला त्यांच्यावर विसंबता येणार नाही, आपली यादी आपणच करावी लागते.

आणि इथेच बहुतेक जण फसतात. नुसता शब्द टाकला तर ऑटोमॉड तो पूर्ण शब्द म्हणूनच शोधतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे यादीत ‘गाढव’ असला तरी ‘गाढवाला’, ‘गाढवासारखा’, ‘गाढवांनो’ हे सगळे बिनधास्त निघून जातात. उपाय म्हणजे शेवटी तारा (*), म्हणजे पुढे काहीही आलं तरी पकड: ‘गाढव*’. लांब शब्दाला हे चालतं. आखूड शब्दाला तारा लावला की मात्र अनर्थ होतो. ‘मर*’ टाकून पाहा, ‘मराठी’ हा शब्दच सर्व्हरवर बंद होईल. दोन्ही बाजूंना तारे लावून ‘*मर*’ केलं तर ‘अमर’ आणि ‘समर्थ’ही अडकतील. ही चूक जुनी आहे. १९९६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या फिल्टरने इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना खातं उघडू दिलं नव्हतं, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी बसते. म्हणून आखूड शब्द एकटा टाकू नये, तो ज्या शब्दांसोबत बोचतो तो समूह टाकावा: ‘जाऊन मर’, ‘मेलास तर बरं’. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांसाठी प्रत्येक शब्दाची तीन-चार स्पेलिंगं वेगळी भरावी लागतात. हे कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

नियमाचे परिणाम तीन असू शकतात: मेसेज अडवणं, मॉडरेटरच्या (सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्याच्या) चॅनलला सूचना पाठवणं आणि मेंबरला टाइमआउट (ठरावीक वेळ लिहायची बंदी) देणं. नवखा ॲडमिन तिन्ही एकदम लावतो. त्याचा परिणाम असा की ‘मला काल कोणीतरी अमुक म्हणालं’ अशी तक्रार करणाऱ्यालाच टाइमआउट बसतो, कारण तक्रारीत तोच शब्द असतो. अडवणं आणि टाइमआउट हे फक्त अशा शब्दांना लावावं ज्यांचा निरुपद्रवी वापर जवळजवळ नसतोच: जात, धर्म, लिंग, अपंगत्व यांवरून कुणाला हिणवणारे शब्द. तिथेही सुरुवात १० मिनिटांच्या टाइमआउटने करावी. अडवल्यावर मेंबरला दिसणारा मजकूर १५० अक्षरांपर्यंत बदलता येतो, तो जरूर बदलावा. ‘हा मेसेज अडवला आहे. चूक वाटत असेल तर मॉडरेटरना कळवा.’ एवढं पुरतं. उपदेश लिहिला तर लोक मुद्दाम तो बघायला परत परत टाइप करतात.

दुसरा नियम मात्र फक्त सूचनेचा ठेवावा, आणि तोच या सगळ्यात कामाचा आहे. त्यात शिव्या टाकू नयेत. त्यात टाकावेत ‘जोक होता’, ‘मस्करी केली’, ‘मनावर घेऊ नको’, ‘मनाला लावून घेतेस’, ‘एवढं काय त्यात’ आणि दुसऱ्या बाजूने ‘बास कर’, ‘बास झालं’, ‘नको ना’, ‘हे आवडलं नाही’. बोचरा विनोद रोज नव्या शब्दांत येतो, त्याची यादी होऊ शकत नाही. पण त्याच्या मागोमाग येणारा बचाव आणि विनवणी फारशी बदलत नाहीत. त्यावर सूचना लावली की मॉडरेटरला नेमक्या वेळी नेमकं संभाषण उघडता येतं. काहीच अडवलं जात नसल्यामुळे चुकीच्या सूचनेची किंमत म्हणजे एकदा डोकावून पाहणं. नुसता ‘बास’ किंवा ‘जोक’ असा एकेरी शब्द घालू नये. सूचनांचा पूर आला की आठवड्याभरात कुणी ते चॅनल उघडत नाही.

आता साधन कुठे हात टेकतं ते जवळून पाहू. समजा, एका मेंबरला बोलताना अडखळायला होतं. व्हॉइस चॅनलवर तो ‘हॅलो’ म्हणाला की कुणीतरी शेजारच्या चॅटमध्ये लिहितं, ‘ह-ह-हॅलो’. पहिल्या दिवशी तोही हसण्याचा इमोजी टाकतो. मग तो आला की रोज चार जण तेच लिहितात. कुणी ‘न-न-नमस्कार’ करतं, कुणी ‘ब-ब-बरं’. काही दिवसांनी तो व्हॉइसवर येणं सोडतो, मग सर्व्हरवरूनच दिसेनासा होतो. या सगळ्यात एकही वाईट शब्द नाही. ऑटोमॉडच्या नोंदीत शून्य. रेजेक्सने पकडू म्हणावं तर डिस्कॉर्ड रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या पद्धतीचं रेजेक्स वापरतं आणि त्यात बॅकरेफरन्स नाही, म्हणजे ‘तेच अक्षर पुन्हा’ असं लिहिताच येत नाही. प्रत्येक अक्षराची जोडी वेगळी लिहावी लागेल, तीही २६० अक्षरांच्या मर्यादेत. आणि तेवढं केल्यावर पुढचा माणूस डॅशऐवजी टिंबं वापरेल.

इथे हद्द ओलांडली गेली ती कोणत्या क्षणी? पहिल्या ‘ह-ह-हॅलो’ला कदाचित नाही. जुन्या मित्राने केलं असेल आणि हाही त्या मित्राला तसंच चिडवत असेल, तर ती दोघांची गोष्ट. ती ओलांडली जेव्हा ज्याच्यावर विनोद आहे त्याला परतफेड करायला जागा उरली नाही, एकाचे चार झाले आणि त्याचं बोलणं सुरू होण्याआधीच विनोद तयार राहू लागला. त्याचा हसरा इमोजी ही संमती नव्हे. चार जण हसत असताना पाचव्याला दुसरं काही टाकणं फार अवघड असतं. मॉडरेटरने पाहायचं ते हे: विनोद प्रसंगावर आहे की समोर हजर असलेल्या माणसावर? तो बदलू न शकणाऱ्या गोष्टीवर आहे का? ‘नको’ म्हटल्यावर थांबला का? आणि हसण्याचे इमोजी काढून मेसेज नुसता वाचला तर खाली काय उरतं, गंमत की तिरस्कार? ‘नको’नंतर पुन्हा केलेला विनोद, मग तो कितीही सौम्य असो, माझ्या मते थेट कारवाईचा विषय आहे. त्याच्यावर चर्चा घालत बसू नये.

पीटर मॅक्ग्रॉ आणि केलेब वॉरेन या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलं की हसू तेव्हा येतं जेव्हा एखादी गोष्ट एकाच वेळी चुकीचीही वाटते आणि निरुपद्रवीही. ऑनलाइन घोळ असा की ‘निरुपद्रवी’ हे वाचणाऱ्याच्या अंतरावर ठरतं. अपघातावरचा विनोद कुणाला लांबचा असतो, तर ज्याचं माणूस गेलं आहे त्याला अजिबात नसतो, आणि दोघं एकाच चॅनलमध्ये असतात. आवाज आणि चेहरा नसल्याने गैरसमज होतो, हे तर फार आधीपासून माहीत आहे. १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात लिफ्टमध्ये पारा सांडल्याची थट्टा काहींना खरी इशारावजा सूचना वाटली. त्या गोंधळानंतर १९ सप्टेंबरला तिथले संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी विनोदापुढे :-) ही खूण लावायचं सुचवलं. खूण विनोद ओळखता यावा म्हणून आली. आज तीच ढाल म्हणून वापरली जाते, त्यामुळे मेसेजपुढे हसरा चेहरा आहे म्हणून तो सोडू नये.

मीम हा ऑटोमॉडचा पूर्ण आंधळा कोपरा. चित्रावर लिहिलेला मजकूर तो वाचत नाही. डिस्कॉर्डचं वेगळं चित्र-फिल्टर आहे, पण ते अश्लील चित्रांसाठी, अपमानासाठी नाही. हे काम यंत्राला किती जड आहे ते फेसबुकने २०२० मध्ये ठेवलेल्या ‘हेटफुल मीम्स’ स्पर्धेत दिसलं. तिथे १०,००० हून अधिक मीम होते आणि त्यातले पुष्कळ असे की चित्र एकटं साधं, वाक्य एकटं साधं, दोन्ही एकत्र आलं की विष. माणसांची अचूकता तिथे सुमारे ८५ टक्के होती, सुरुवातीची यंत्रं ६५च्या आसपास अडखळली. माणसंही शंभरात पंधरा वेळा चुकली, हे मॉडरेटरने ध्यानात ठेवावं. सर्व्हरपुरता उपाय परवानग्यांचा आहे. नव्या मेंबरला ‘अटॅच फाइल्स’ (फाइल जोडणं) आणि ‘एम्बेड लिंक्स’ (लिंकची झलक दिसणं) लगेच देऊ नयेत, मीमसाठी एकच चॅनल ठेवावं आणि त्यावर जागता मॉडरेटर असावा. व्हॉइसवरचं बोलणं, मेसेजखालच्या इमोजी-रिॲक्शन आणि मेंबरांचे आपसातले खाजगी मेसेज हेही ऑटोमॉडच्या कक्षेबाहेर आहेत. एखाद्याच्या मेसेजखाली जोकरच्या रिॲक्शनची रांग लावणं हा छळाचा फार वापरला जाणारा प्रकार आहे. तिथे रिॲक्शन हाताने काढाव्या लागतात किंवा त्या चॅनलवर ‘ॲड रिॲक्शन्स’ बंद करावं लागतं.

सर्वांत गंभीर उणीव तांत्रिक नाहीच. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ किंवा ‘मॅनेज सर्व्हर’ परवानगी असलेल्यांना ऑटोमॉड लागू होत नाही, आणि वर २० रोल (मेंबरांना दिलेल्या भूमिका) व ५० चॅनल वगळायची सोय आहे. सर्व्हरवर काय चालतं हे नवे लोक नियमांच्या पानावरून नाही, जुन्यांच्या बोलण्यावरून शिकतात. मॉडरेटरने केलेला एक हिणकस विनोद दहा मेंबरांना परवाना देतो, आणि नेमका तोच मेसेज फिल्टरमधून सहीसलामत जातो. त्यामुळे ‘मॅनेज सर्व्हर’ दोघा-तिघांपलीकडे देऊ नये. रोजच्या मॉडरेटरला मेसेज पुसायची आणि टाइमआउट द्यायची परवानगी पुरते. ‘डार्क ह्यूमर’ चॅनल वगळून टाकायचा मोह असतो, तोही टाळावा. असं चॅनल असायला हरकत नाही, स्वतःहून रोल घेणाऱ्यालाच ते दिसावं. पण मृत्यूवर विनोद आणि हजर मेंबरच्या मृत वडिलांवर विनोद यांतला फरक तिथेही लागू राहतो. ‘आपलंच बंद चॅनल आहे’ ही खात्रीही पोकळ असते. २०१७ मध्ये हार्वर्डने निदान दहा भावी विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द केले ते फेसबुकवरच्या खाजगी ग्रुपमधल्या मीममुळेच.

एकावर अनेक तुटून पडले की ऑटोमॉडपेक्षा स्लोमोड (प्रत्येकाला दोन मेसेजमध्ये ठरावीक वेळ थांबायला लावणारी सोय) जास्त उपयोगी पडतो. तो ५ सेकंदांपासून ६ तासांपर्यंत लावता येतो. अशा वेळी एक ते दोन मिनिटं पुरतात, तेवढ्यात पहिल्याच्या विनोदावर दुसऱ्याने चढ करायची गंमत निघून जाते. मग ज्याने सुरुवात केली त्याला खाजगीत, सरळ शब्दांत सांगावं: कोणता मेसेज, कुणाला लागला, पुन्हा झालं तर काय होईल. सगळ्यांदेखत झापलं तर तोच पीडित होतो आणि दुसरा तमाशा सुरू होतो. पुन्हा झालं तर एक दिवस, मग एक आठवडा टाइमआउट. त्यात माणूस वाचू शकतो पण लिहू, रिॲक्ट करू किंवा व्हॉइसवर येऊ शकत नाही. धमकी आणि अल्पवयीनांवरचे लैंगिक ‘विनोद’ यांना ही पायरी-पायरीची सवलत देऊ नये, तिथे थेट बॅन.

बॅन करताना क्रम मात्र पाळावा. आधी मेसेजवरूनच डिस्कॉर्डकडे तक्रार करावी, कारण पुसलेल्या मेसेजची तक्रार करता येत नाही. मग स्क्रीनशॉट आणि मेसेजची लिंक मॉडरेटरच्या चॅनलमध्ये ठेवावी. बॅनच्या खिडकीत मागच्या ७ दिवसांपर्यंतचे मेसेज पुसायचा पर्याय असतो, तो त्यानंतरच निवडावा. ऑडिट लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या कारवायांची डिस्कॉर्डने ठेवलेली नोंद, ४५ दिवसांनी पुसला जातो, म्हणून कुणाला कधी, का आणि किती टाइमआउट दिला याची साधी तक्त्यातली नोंद वेगळी ठेवावी. दोन महिन्यांनी तोच माणूस ‘माझी तर पहिलीच चूक’ म्हणत परत येतो तेव्हा नव्या मॉडरेटरला ती उघडून पाहता येते.